घोलवडहून गुलशन महाल : सिनेमाचं संग्रहालय बघायला जाताना

कोसबाड, बोर्डी, तलासरीकडून मुंबईला जाणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता, नाहीतर कुणाला तरी विमानतळावर पोचवणं. संग्रहालय बघायचं म्हणून कुणी पहाटे उठून गाडी धरत नाही. शाळेची सहल निघाली तरी ती राणीच्या बागेपाशी किंवा म्युझियमच्या घुमटापाशी संपते. पेडर रोडवर सिनेमाचं एक सरकारी संग्रहालय आहे, तिकीट जेमतेम वीस रुपयांचं आहे आणि सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. हा लेख अशा एका दिवसाच्या तयारीसाठी आहे.

संग्रहालयाचं नाव ‘भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय’. उद्घाटन झालं १९ जानेवारी २०१९ ला. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात ते दोन इमारतींत मांडलेलं आहे. एक गुलशन महाल, कच्छमधल्या एका खोजा व्यापारी घराण्याचा एकोणिसाव्या शतकातला बंगला, आणि दुसरी त्याच्या शेजारची काचेची नवी इमारत. थिएटरात मुख्य पिक्चरच्या आधी काळ्या-पांढऱ्या समाचारचित्रात धरणं, पूर आणि पंतप्रधानांचे दौरे पाहिलेल्यांना ‘फिल्म्स डिव्हिजन’ हे नाव वेगळं सांगायला नको. १९४८ साली सुरू झालेली ती संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली आहे. टॅक्सीवाल्याला मात्र अजूनही ‘पेडर रोड, फिल्म्स डिव्हिजन’ एवढंच सांगा. पाटीवरचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असलं तरी ते सांगून कुणी पोचवेल याचा भरवसा नाही.

सोमवारी आणि सार्वजनिक सुट्टीला संग्रहालय बंद. एरवी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. जुलै २०२५ मध्ये याच आवारात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचं काम सुरू झालं आहे आणि दालनांची मांडणी अधूनमधून बदलते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून दोन्ही इमारती खुल्या आहेत ना, एवढं विचारून घ्या. तीन तास गाडीत बसून बंद दार बघायला जाण्यात अर्थ नाही. जागा सरकारी आहे, तेव्हा मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

आता खरी तयारी. ती स्टेशनवर नाही, घरी करायची.

सिनेमाचं संग्रहालय बघताना बहुतेकांची एकच चूक होते : लोक पोस्टर बघतात. पोस्टरसमोर फोटो काढतात, ओळखीच्या नटाचं नाव घेतात आणि पुढच्या दालनात जातात. पोस्टर घरबसल्या मोबाइलवर दिसतं. बघायची असतात ती यंत्रं. पण यंत्र कशासाठी आहे हे कळलं नाही तर ते नुसतं लोखंड दिसतं, आणि मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. म्हणून जाण्याच्या आठवडाभर आधी मुलांकडून एक हलतं चित्र करून घ्या.

कृती सोपी आहे. जाड कागदाची छोटी वही घ्या, साधारण चोवीस पानांची. आपल्या भागातल्या मुलांना विषय शोधावा लागत नाही. तारपा नाच काढायला सांगा : मधे तारपेवाला, भोवती हात धरून नाचणारी माणसं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र जगभर नेलं, त्यातला हा सगळ्यांत ओळखीचा देखावा. कोसबाडच्या कुठल्याही शाळेतलं पोर तो डोळे मिटून काढेल. दर पानावर नाचणारा प्रत्येक जण थोडासा पुढे सरकवायचा, दोन माणसांमधल्या अंतराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. मग पानं अंगठ्याखालून भराभर सोडायची. नाच सुरू होतो.

एक गंमतही करून बघा. माणूस थोडा न सरकवता एकदम शेजाऱ्याच्या जागेपर्यंत सरकवला, तर पानं कितीही जोरात सोडली तरी नाच हलत नाही. एकाच्या जागी दुसरा येऊन उभा राहतो आणि डोळा फसतो. पिक्चरमध्ये टांग्याची चाकं मधेच उलटी फिरल्यासारखी दिसतात, तेही याच कारणाने. हे ज्या मुलाने हाताने केलं आहे, त्याला गुलशन महालाच्या पहिल्या दालनातलं सिनेमाच्या उगमाचं वेगळं शिकवावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ साली बालवाडी सुरू केली आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आणलं, ते आधी हात आणि मग पुस्तक याच समजुतीवर. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी बिया, शंख, पानं वापरली. चोवीस पानांची वही त्याच जातीची आहे.

दुसरी तयारी म्हणजे दोन चित्रपट. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग उरला आहे तो, आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६). दोन्ही इंटरनेटवर सहज मिळतात. पहिला काही मिनिटांचाच आहे. दुसरा सबंध बघा, घरातल्या आजीसकट. हे बघितलेलं नसेल तर संग्रहालयात नावं आणि सनावळ्या वाचण्यापलीकडे हाती काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवासाचं गणित असं. डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. थेट चर्चगेटपर्यंत जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, बाकीच्या विरारला संपतात आणि तिथे जलद लोकल धरावी लागते. कोसबाडकरांना घोलवड जवळचं, पण गाड्या डहाणूहून जास्त. सकाळी सातच्या आत गाडीत असाल तर अकराला संग्रहालयाच्या दारात पोचता. जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, तेव्हा मुंबई सेंट्रलला उतरा आणि टॅक्सी करा. चौघं असाल तर टॅक्सी जड जात नाही. पावसाळ्यात जाऊ नका. वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं की सगळा बेत तिथेच बुडतो.

गाडीत मुलांना खिडकी द्या, कारण हा रूळच सिनेमाच्या इतिहासातून जातो. मालाड आलं की उजव्या अंगाला, पश्चिमेकडे, बॉम्बे टॉकीज होती. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी ती १९३४ मध्ये उभी केली. पुढे गोरेगावला फिल्मिस्तान, आणि पूर्वेला डोंगराच्या बाजूला फाळक्यांच्या नावाची चित्रनगरी. दादरला डावीकडे, पूर्वेला, दादासाहेब फाळके रोड. फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते ते याच दादरमध्ये, राहत्या घरात. विलायतेहून आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती अंधाऱ्या खोलीत बसून पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. परळला व्ही. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ.

ग्रँट रोडला उतरायचं नसलं तरी तिथला एक ठेवणीतला किस्सा सांगायला हरकत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना. नाच-गाण्याच्या वस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. तेव्हा फाळक्यांना ग्रँट रोडजवळच्या एका हॉटेलात काम करणारा नाजूक हातांचा एक तरुण दिसला, अण्णा साळुंके. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या.

आणि ‘आलम आरा’. केनेडी ब्रिजजवळचा इंपीरियल स्टुडिओ रुळांना लागून होता. आवाज बंद करणाऱ्या भिंती तेव्हा नव्हत्या, गाड्यांचा खडखडाट थेट ध्वनिमुद्रणात यायचा. म्हणून अर्देशीर इराणींनी बरंचसं चित्रण रात्री एक ते चारच्या मधे केलं, गाड्या थांबलेल्या असत तेव्हा. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला. भारताच्या पहिल्या बोलपटाला रात्रपाळी करायला लावणारी रेल्वे हीच, आपली पश्चिम रेल्वे.

संग्रहालयात शिरल्यावर आधी गुलशन महाल, मग नवी इमारत. हा क्रम मोडू नका. मुलांना नव्या इमारतीत आधी सोडलंत तर ती जुन्या बंगल्यात पाऊल टाकायला तयार होणार नाहीत. बंगल्यात वाचायचं खूप आहे, आणि सगळं वाचायला गेलात तर दिवस पुरणार नाही. दालनं काळाच्या क्रमाने आहेत : उगम, सिनेमा भारतात येतो तो काळ, मूकपट, बोलपट, स्टुडिओंचं युग, महायुद्ध, नवी लाट, प्रादेशिक चित्रपट. पहिल्या चार टप्प्यांना निम्म्याहून जास्त वेळ द्या. पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असतं.

त्या पहिल्या टप्प्यांसाठी काही गोष्टी डोक्यात ठेवून जा. मुंबईत सिनेमा आला ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती घेऊन. तिकीट एक रुपया, म्हणजे तेव्हाच्या मजुराला स्वप्नातही न परवडणारं. पण पडद्यावर हलती चित्रं बघायची सवय आपल्याकडे त्याआधीच लागली होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ हे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि काचा सरकवून आणलेली हालचाल. मग हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. ते हँगिंग गार्डन पेडर रोडच्या वरच्याच टेकडीवर आहे. १९१२ मध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’, दोन्ही गिरगावच्या कोरोनेशनमध्ये. पहिला मान कुणाचा यावर अजून वाद होतात. मुलांसमोर तो घालत बसू नका. तोरण्यांनी नाटकाचं चित्रण केलं, फाळक्यांनी फिल्म कापून-जोडून गोष्ट रचली, इतका फरक सांगितला की पुरे.

कॅमेऱ्यापाशी थांबा. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. दांडा एकदा फिरला की आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा. हे दोन फेरे कॅमेरामनच्या मनगटात बसलेले असत, घड्याळ नसे. म्हणून जुने मूकपट आज सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने दाखवले की माणसं लगबगीने पळताना दिसतात. माणसं तशी चालत नव्हती, आपण ती पळवतो. आवाज आल्यावर वेग चोवीसावर बांधला गेला, कारण फिल्मच्या कडेला उमटवलेला आवाज हाताच्या लयीवर सोडता येत नाही. तारपाची वही मुलाच्या खिशात असेल तर हे सगळं दोन मिनिटांत समजावता येतं. तीच वही आधी हळू, मग जोरात सोडा.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव दिसलं की तिथेही रेंगाळा. विलायती कॅमेरा आणायला पैसे नाहीत म्हणून या माणसाने आणि त्याच्या नात्यातल्या आनंदरावांनी मिळून कॅमेराच घडवण्याचा घाट घातला. आनंदराव मधेच वारले, बाबूरावांनी काम पुरं केलं. व्ही. शांताराम बाबूरावांच्याच हाताखाली उमेदवारी करून तयार झाले. आपल्याकडच्या गॅरेजवाल्याला, वेल्डरला हे दालन दाखवायला आणा, तो प्राध्यापकापेक्षा जास्त समजून घेईल.

महायुद्धाच्या दालनात एक आकडा मुलांना आवडतो. कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा सरकारने चित्रपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा घातली. मिनिटाला नव्वद फूट धरले तर दोन तासांचा पिक्चर. सहावी-सातवीच्या मुलांकडून हा भागाकार तिथेच करून घ्या.

जुन्यातलं फार थोडं का उरलं, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर फिल्मच्या अंगातच आहे. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. पडून राहिली तर चिकट होते, पिवळी पडते, शेवटी भुकटी. त्यात भर माणसांची. पिक्चर उतरला की रिळं रद्दीत, त्यातली चांदी काढायला. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज ज्ञात नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची एवढीच रिळं वाचली, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात.

बंगल्यातून बाहेर पडलात की डबा सोडा. जेवण घरूनच न्या आणि आवारात कुठे बसून खाल्लेलं चालतं ते दारावर विचारा. पेडर रोडवरच्या हॉटेलात चौघांच्या जेवणाच्या पैशांत आपल्याकडे चिकूची पेटी येते.

नव्या इमारतीत चार दालनं, एकेका मजल्यावर एक. गांधीजी आणि सिनेमा, मुलांचा फिल्म स्टुडिओ, तंत्र आणि सर्जन, आणि देशभरचा सिनेमा. पोरं बरोबर असतील तर सरळ मुलांच्या स्टुडिओत जा. रंगीत पडद्यासमोर उभं राहिलं की मागे भलताच देखावा कसा येतो, वस्तू थोडी थोडी सरकवून हलती चित्रं कशी करतात, ते तिथे स्वतः करून बघता येतं. इथे घाई करू नका. बाकीचे मजले मोठ्यांनी आळीपाळीने बघावेत. गांधीजींच्या दालनात मात्र मोठ्यांनी दहा मिनिटं जरूर द्यावीत. सिनेमाबद्दल नापसंती असलेल्या या माणसाने विजय भट्टांचा ‘रामराज्य’ (१९४३) पाहिला, तोही पुरा नाही, आणि गांधीजींनी पाहिलेला हिंदी चित्रपट म्हणून तोच सांगितला जातो. तंत्राचं दालन डोळे दिपवतं. मला ते बंगल्याच्या तुलनेत उथळ वाटलं. स्क्रीनवर बोट फिरवून जे दिसतं ते मोबाइलवरही दिसतं.

तीनच्या सुमाराला बाहेर पडा. संग्रहालय सहापर्यंत उघडं आहे म्हणून सहापर्यंत थांबलात, तर लहान मूल घेऊन विरार लोकलमध्ये शिरावं लागेल, आणि त्या गर्दीत दिवसभराचं सगळं बघितलेलं विसरून फक्त ती लोकल लक्षात राहील. चारची गाडी मिळाली तर काळोख पडता पडता डहाणू. परतताना महालक्ष्मी, हाजी अली, चौपाटी असा लोभ धरू नका. एक दिवस, एक जागा.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं. वर्गच्या वर्ग नेऊ नका. साठ मुलं बंगल्याच्या खोल्यांत शिरली की कुणालाच काही दिसत नाही. वीसच्या आत गट करा, शाळेच्या पत्राने आधी कळवा, मार्गदर्शक मिळतो का विचारा. प्रत्येक मुलाला एकच यंत्र वाटून द्या : त्याने ते शोधायचं, चित्र काढायचं आणि परत आल्यावर वर्गाला समजावायचं. माहिती उतरवून घ्यायला लावू नका. पाटीवरची वाक्यं वहीत उतरवणाऱ्या मुलाचं डोकं यंत्राकडे वर होत नाही.

आणि परत आल्यावर एक काम उरतं, त्याला तिकीट लागत नाही. पेडर रोडच्या संग्रहालयात मोठी नावं आहेत. आपल्या भागाचा सिनेमा तिथे असणार नाही, तो आपणच गोळा करायचा आहे. जत्रेत तंबू टाकून पिक्चर दाखवणारे फिरते टॉकीज महाराष्ट्रभर होते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे, २०१६ मध्ये तो कान महोत्सवात गौरवला गेला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी पहिला पिक्चर कुठे पाहिला, जमिनीवर बसून की बाकावर, पडद्याच्या पुढून की मागून. दुसरं तर अगदी शेजारचं. रामानंद सागरांचं ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात देशभर रस्ते ओस पाडत होतं, आणि त्याचं चित्रण होत होतं घोलवड-बोर्डीच्या पलीकडे, उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत. ते चित्रण बघायला गेलेली, सेटवर सुतारकाम केलेली, गर्दीत उभी राहिलेली माणसं आपल्या पंचक्रोशीत सापडतील. जी तेव्हा पंचविशीत होती ती आता साठी ओलांडून गेली आहेत. मोबाइल काढा, समोर बसा आणि त्यांचं बोलणं या सुट्टीतच ध्वनिमुद्रित करून ठेवा.